नवा खुबा, जुने स्नायू

खुब्याचा सांधा बदलायचं ठरलं की घरात एक प्रश्न हमखास निघतो. हाड मोडलं तर ते जुळून यायला वेळ लागतो, प्लास्टरमध्ये थांबावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे तर जुळायचं असं काही नाही. खराब झालेला भाग काढून त्या जागी धातूचा आणि टिकाऊ प्लास्टिकचा तयार सांधा बसवायचा. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येतानाच तो पुरेपूर मजबूत असतो. महिन्याभराने तो अधिक मजबूत होणार नसतो. मग बरं व्हायला तीन महिने का लागतात? आणि त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की एकाच बनावटीचा सांधा बसवलेल्या दोघांपैकी एक जण दीड-दोन महिन्यांत काठीशिवाय बाजारात जाऊ लागतो आणि दुसरा वर्ष उलटलं तरी कमरेतून एका बाजूला झुकत चालतो. सांधा तोच, मग फरक आला कुठून?

उत्तर दाराच्या बिजागरीत सापडतं. गंजलेली बिजागरी बदलली की दार कुरकुरायचं थांबतं, पण बिजागरी स्वतः दार उघडत नाही. त्यासाठी ढकलणारा हात लागतो, आणि बिजागरीचे स्क्रू घट्ट धरून ठेवणारं धड लाकूड लागतं. शल्यविशारद बिजागरी बदलतात. हात म्हणजे स्नायू आणि लाकूड म्हणजे हाड. ही दोन्ही रुग्णाची जुनीच राहतात, आणि दुखण्याच्या काळात वापराविना दुबळी झालेली असतात. म्हणून ही शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची मानणं चुकीचं आहे. ती आधीच्या सहा आठवड्यांत सुरू होते आणि नंतरच्या तीन महिन्यांत पूर्ण होते. मधल्या दीड-दोन तासांची जबाबदारी डॉक्टरांची. बाकीच्या काळाचा मोठा भाग रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात असतो.

वाटी, गोळा आणि टेलचं शेत

मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरतं. गोळा आणि वाटी या दोन्हींवर कूर्चेचा थर असतो, शहाळ्यातल्या जाडसर खोबऱ्यासारखा पांढरा, चकचकीत, दाबला तर किंचित दबणारा. हा थर झिजला की हाडावर हाड घासतं. दुखणं जांघेत जाणवतं, पण बऱ्याचदा ते गुडघ्यात उतरतं, कारण खुबा आणि गुडघा या दोघांच्या वेदना वाहणाऱ्या काही मज्जातंतूंचं मूळ एकच असतं. गुडघ्याचा एक्स-रे चांगला येतो, तरी गुडघा दुखतच राहतो, अशी तक्रार काही वेळा महिनोन्‌महिने चालते आणि दुखण्याचं ठिकाण वर खुब्यात असतं. मांडी घालून बसता न येणं, पायाची नखं कापायला वाकता न येणं, या खुब्याच्या आजाराच्या लवकर दिसणाऱ्या खुणा आहेत.

युरोप-अमेरिकेत खुबा बदलण्याचं मुख्य कारण उतारवयातली झीज. आपल्याकडे चित्र बरंच वेगळं आहे. इथे तिशी-चाळिशीतले रुग्णही पुष्कळ दिसतात, आणि त्यांच्या खुब्यातला गोळा रक्ताअभावी मेलेला असतो. कालव्याच्या टेलला असलेल्या शेताची जी गत, तीच या गोळ्याची. पाणी पोचतं ते सगळ्यांत शेवटी, बारीक पाटातून, आणि वर कुठे अडलं तर पहिलं हेच शेत करपतं. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक असतात आणि हाडाच्या मानेला लगटून वर जातात. दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड, अतिमद्यपान, विदर्भातल्या आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल आजार, यांपैकी कशानेही हा पुरवठा तुटू शकतो. कोविडच्या लाटेनंतर, उपचारात स्टेरॉइड घेतलेल्या काही जणांमध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी हा आजार नोंदवला. म्हातारपणी न्हाणीघरात घसरून हाडाची मान मोडते तेव्हाही हाच पाट तुटतो, म्हणून अशा मोडलेल्या हाडात नुसता स्क्रू घालून दर वेळी भागत नाही.

तराजूचं गणित

चालताना दर पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर उभे असतो. शरीराचं वजन मध्यावर असतं, आधार मात्र एका बाजूच्या खुब्यावर. आधार नसलेली बाजू खाली कलंडायला हवी, पण ती कलंडत नाही, कारण उभ्या पायाच्या कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कमरेचं हाड खाली ओढून तोल राखतात. हा तराजू असमान दांडीचा आहे. खुब्यापासून शरीराच्या वजनापर्यंतची दांडी लांब आणि खुब्यापासून स्नायूपर्यंतची आखूड, साधारण निम्मी किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे स्नायूला शरीराच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास ओढावं लागतं, आणि वजन व ओढ या दोन्हींचा मिळून भार सांध्यावर येतो. बर्लिनमध्ये गेऑर्ग बर्गमान यांच्या गटाने भारमापक बसवलेले कृत्रिम खुबे रुग्णांच्या शरीरात घालून हा भार प्रत्यक्ष मोजला. साध्या चालण्यात तो वजनाच्या सुमारे २.४ पट आला, जिना चढता-उतरताना अडीच पट किंवा थोडा अधिक. अडखळताना मात्र एका रुग्णात तो आठ पटींच्याही वर गेला. ६० किलोच्या माणसाचा हिशेब केला तर चालताना सुमारे १४० किलो आणि ठेच लागल्यावर ५०० किलोपर्यंत.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली, बाजूचा स्नायू दुबळा असेल तर नवा सांधा कितीही चांगला असो, कंबर कलंडणारच. मग माणूस पडू नये म्हणून धड दुबळ्या स्नायूच्या बाजूला झुकवून वजन खुब्याच्या वर आणतो. ही ती झुकती चाल. जर्मन शल्यविशारद फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली तिचं कारण उलगडून दाखवलं आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एक्स-रेमध्ये सांधा अचूक बसलेला दिसतो आणि चाल सुधारत नाही, तेव्हा पुष्कळदा कारण हे असतं.

दुसरी गोष्ट काठीची. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरण्याची चूक अगदी सार्वत्रिक आहे, कारण दुखतं तिथे आधार द्यावा असं मनाला वाटतं. तराजूचं गणित नेमकं उलट सांगतं. विरुद्ध हात खुब्यापासून सगळ्यांत लांब असतो. म्हणजे काठीला सगळ्यांत लांब दांडी मिळते, आणि तिथे हलकासा भार दिला तरी स्नायूची ओढ पुष्कळ कमी होते. ऑपरेशन उजव्या खुब्याचं असेल तर काठी डाव्या हातात हवी. आणि काठी सोडण्यात मोठेपणा नाही. वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकी अस्थिशल्यविशारदांनी १९५६ साली, काठी टाकून देऊ नका असं डॉक्टरांना बजावणारा लेख लिहिला होता. तेव्हा कृत्रिम खुबा बाल्यावस्थेत होता, पण लेखातलं यांत्रिकीचं तत्त्व आजही तसंच लागू आहे. झुकत न चालता काठीशिवाय जाता येईल तेव्हाच काठी सोडायची. झुकून चालण्याची सवय एकदा अंगवळणी पडली की ती मोडायला फार कष्ट पडतात.

आधीचे सहा आठवडे

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ज्या सांध्यावर पाऊल टाकवत नाही त्याला व्यायाम कसा द्यायचा? आणि सांधा बदलणारच आहे, तर आधी कशाला हा ताप? पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की व्यायाम सांध्यासाठी नसून स्नायूंसाठी असतो, आणि सांधा फारसा न हलवताही स्नायू कामाला लावता येतो. पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. कुल्ले आवळायचे, सोडायचे. ओट्याला धरून उभं राहून पाय बाजूला वितभर उचलायचा, दुखेल तिथे थांबायचं. हातांनाही व्यायाम हवा, कारण पहिले काही दिवस वॉकरवर शरीर तोलायचं काम हातांना करावं लागतं, आणि हातात बळ नसेल तर खुर्चीतून उठणंसुद्धा दुसऱ्यावर अवलंबून राहतं.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना प्रामाणिक राहायला हवं. ऑपरेशनपूर्व व्यायामाच्या चाचण्यांमध्ये दिसलेला फायदा मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांचा आहे. पुढे जाऊन व्यायाम केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांमधलं अंतर पुसट होतं. यावरून तो निरर्थक आहे असं म्हणणारे पहिल्या आठवड्यांची किंमत ओळखत नाहीत. पडण्याचा, रक्ताची गुठळी होण्याचा, सांधा निखळण्याचा धोका याच आठवड्यांत सर्वाधिक असतो. शिवाय ऑपरेशनच्या वेळी हालचाल ज्यांची अगदी खालावलेली असते त्यांची सुधारणा होते, पण इतरांच्या पातळीपर्यंत ती सहसा पोचत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पुढच्या वर्षी बघू, म्हणत खुर्चीत बसून काढलेला काळ असा महागात पडतो.

स्नायूंइतकीच तयारी रक्ताची आणि कातडीची असते, आणि तिच्यामागचं कारण धातूच्या स्वभावात आहे. आपल्या शरीराच्या जिवंत भागात जंतू शिरले तर रक्तातून पांढऱ्या पेशी आणि औषधं तिथपर्यंत पोचतात. धातूत रक्तवाहिन्या नसतात. जंतू एकदा धातूवर चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात, नदीच्या घाटावरच्या पायरीवर शेवाळ धरतं तसा. वरून पाणी ओतून शेवाळ जात नाही, तसं गोळ्या-इंजेक्शनांनी तो थर सहसा जात नाही. पुष्कळदा पुन्हा शस्त्रक्रिया करून सांध्याचे भाग बदलावे लागतात. असा संसर्ग शंभरात साधारण एकाला होतो. संख्या छोटी आहे, पण ज्याला होतो त्याचं वर्ष त्यात जातं. म्हणून किडलेला दात, लघवीचा संसर्ग, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, भेगाळलेल्या टाचा, अंगावरचं गळू, हे सगळं आधी बरं करून घ्यायचं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी साडेसात-आठच्या वर असेल तर अनेक शल्यविशारद तारीख पुढे ढकलतात, कारण साखरेने भरलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत आणि जखम भरायला उशीर होतो. अशा वेळी नातेवाइकांनी तारखेसाठी हट्ट धरू नये. पंडुरोग असेल तर हिमोग्लोबिन आधीच वाढवून घेता येतं, मग रक्त चढवण्याची वेळ कमी येते. ऑपरेशनच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. त्याने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे काप पडतात आणि जंतूंना दार उघडतं.

तंबाखूबद्दल वेगळं सांगायला हवं. डॉक्टर विचारतात, "सिगारेट-बिडी ओढता का?" आणि आजी खरंच सांगतात, "नाही." पण रोज सकाळी दातांना मिश्री लागत असते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. गाय छाप मळून खाणं, गुटखा, तपकीर, यातही निकोटिन आहेच. ते बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि जखमेला व हाडाला रक्त कमी पडतं. निदान चार आठवडे आधी सगळं बंद हवं. तसंच, चालू असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण डॉक्टरांना दाखवायचं. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं, आणि ते अचानक थांबलं तर भुलीच्या वेळी रक्तदाब धोकादायक रीतीने घसरू शकतो.

मांडीवर लिंबू ठेवून बघा

नवा सांधा निखळतो कसा, हे समजलं की घरात काय बदलायचं ते आपोआप कळतं. गोळ्याखाली धातूची मान असते. पाय एका मर्यादेपलीकडे वाकला किंवा वळला की मान वाटीच्या काठावर टेकते. तिथून पुढे जोर लागला तर बाटलीचं झाकण ओपनरने उचकटावं तसा काठाचा टेकू होतो आणि गोळा वाटीतून उचकटतो. मूळ सांध्याभोवती मजबूत आवरण असतं, ते गोळ्याला बाहेर पडू देत नाही. शस्त्रक्रियेत हे आवरण कापावंच लागतं, आणि ते पुन्हा घट्ट भरून यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढा काळ रुग्णाने सांभाळून राहणं हेच ते आवरण. छेद खुब्याच्या मागच्या बाजूने घेतला असेल तर तीन हालचाली धोक्याच्या: खुबा काटकोनाच्या पुढे वाकवणं, पायावर पाय टाकणं, आणि पाऊल आत वळवणं. पुढच्या बाजूने छेद असेल तर धोक्याची दिशा उलट, म्हणजे पाय मागे नेणं आणि बाहेर वळवणं. आपला छेद कुठून आहे हे विचारून घ्यायलाच हवं. शेजाऱ्यांना सांगितलेली पथ्यं आपल्याला लागू होतीलच असं नाही.

खुर्चीची उंची तपासायला टेप लागत नाही. खुर्चीत नेहमीसारखं बसून मांडीवर लिंबू ठेवावं. ते गुडघ्याकडे घरंगळलं तर खुबा गुडघ्यापेक्षा उंच आहे, खुर्ची चालेल. पोटाकडे घरंगळलं तर खुर्ची बुटकी आहे. बसल्यावर दबणारा सोफा, पाट, बाज, खाली अंथरलेली गादी या परीक्षेत नापास होतात. देशी पद्धतीचा संडास तर नाहीच. त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आधीच आणून, एकदा बसून, डगमगत नाही ना हे पाहून ठेवावी. आंघोळीला उंच प्लास्टिकची खुर्ची घ्यायची आणि बादली स्टुलावर ठेवायची. बादली जमिनीवर राहिली तर तांब्या भरायला वाकणं आलंच. न्हाणीघराच्या फरशीवर रबरी जाळी, भिंतीला पक्का बसवलेला धरायचा दांडा, दारातलं पायपुसणं गुंडाळून वर, उंबऱ्यापाशी रात्री दिवा. ठेच लागल्यावर खुब्यावर येणारा ५०० किलोचा भार डोळ्यांसमोर ठेवला की यातलं काहीच अति वाटत नाही. वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात, म्हणून पाण्याची बाटली, मोबाइल, चष्मा ठेवायला वॉकरला कापडी पिशवी बांधावी. रोज लागणारे डबे खालच्या फळीवरून ओट्यावर आणावेत. हे सगळं ऑपरेशनच्या आधी व्हावं. घरी आल्यावर घाईत केलेली व्यवस्था अर्धवट राहते.

आता दुसरा आक्षेप. कडक पथ्यांची गरज नाही, असं अलीकडचे काही अभ्यास सांगतात. ढिली पथ्यं पाळणाऱ्यांतही निखळण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलेलं त्यांत दिसलं नाही. आजचे गोळे मोठेही असतात, आणि मोठा गोळा वाटीबाहेर पडायला अधिक अंतर सरकावा लागतो. हे मान्य केलंच पाहिजे, आणि म्हणूनच काही शल्यविशारद आज पूर्वीपेक्षा मोकळीक देतात. पण ते अभ्यास बहुतेक अशा देशांतले आहेत जिथे पथ्य ढिलं झालं तरी माणूस खुर्चीत आणि कमोडवरच बसतो. आपल्याकडे पथ्य ढिलं झालं तर माणूस पूजेला पाटावर बसतो, पंगतीत मांडी घालतो, उकिडवा बसून भांडी घासतो. काटकोनाच्या बऱ्याच पुढचं वाकणं ज्या घरात दिवसातून दहा वेळा घडतं, तिथे पहिले तीन महिने सांभाळणं शहाणपणाचं आहे. त्यानंतर जमिनीवर बसता येईल का, हे सांध्याची बनावट, तो बसवण्याचा कोन आणि स्नायूंची ताकद पाहून शल्यविशारदच सांगू शकतात. हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारावा, कारण जमिनीवर बसणं हे आपल्याकडे कित्येकांच्या उपजीविकेचा भाग असतं.

हाड सांध्याला धरतं कसं

बिजागरीच्या लाकडाकडे वळायचं तर थोडं इतिहासात जावं लागतं. इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात राइटिंग्टन रुग्णालयात शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाअखेर कृत्रिम खुब्यासाठी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. तव्याला काही चिकटू न देणारं हेच ते टेफ्लॉन. सुरुवातीला रुग्ण सुखावले, पण काही वर्षांतच वाट्या झिजल्या आणि झिजेच्या चुऱ्याने आसपासचं हाड खाल्लं गेलं. चुरा शरीरात काय करतो हे पाहायला चार्नलींनी तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला. १९६२ साली एक विक्रेता कापडमागांच्या चाकांसाठी वापरलं जाणारं एक कठीण प्लास्टिक घेऊन आला. चार्नलींना ते आश्वासक वाटलं नाही. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी ते तरीही घर्षणयंत्रावर लावून पाहिलं आणि त्याची झीज टेफ्लॉनच्या तुलनेत नगण्य निघाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पॉलिएथिलीन रुग्णाच्या खुब्यात गेलं, आणि आजचा कृत्रिम खुबा त्याच वाटेने आला आहे.

चार्नलींनी धातूचा दांडा हाडात बसवायला दंतवैद्यकातलं अ‍ॅक्रिलिक सिमेंट रूढ केलं. ते गोंदासारखं चिकटत नाही. गिलाव्याआधी गवंडी काँक्रीटच्या भिंतीला टाचे मारतो, मग गिलावा त्या खाचांत शिरून धरतो. तसंच सिमेंट हाडाच्या जाळीत शिरून घट्ट होतं, तेही साधारण दहा-पंधरा मिनिटांत. दुसरी पद्धत बिनसिमेंटची. दांड्याचा पृष्ठभाग खडबडीत, सच्छिद्र असतो. तो किंचित लहान भोकात पाचरीसारखा ठोकून बसवतात आणि पुढच्या सहा ते बारा आठवड्यांत हाड त्या छिद्रांत वाढून त्याला धरतं. वय, हाडाचा कस पाहून दोन्हींतली एक निवडली जाते. बहुतेकांना दोन्ही पद्धतींत लगेच पूर्ण भार टाकायला परवानगी असते. नसेल तर डॉक्टर तसं स्पष्ट सांगतात, आणि ते निमूट पाळावं.

विश्रांतीचा गैरसमज

आजारी माणसाने पडून राहावं ही आपल्याकडची जुनी माया आहे. त्यामुळे ऑपरेशनच्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी फिजिओथेरपिस्ट रुग्णाला उभं करतात तेव्हा नातेवाइकांना ती निर्दय घाई वाटते. खाट रिकामी करण्यासाठी हे चाललंय अशी शंकाही बोलून दाखवली जाते. पण पडून राहण्याची किंमत मोजली गेलेली आहे. एका अमेरिकी प्रयोगात सरासरी वय साठीच्या पुढे असलेल्या, धडधाकट माणसांना दहा दिवस बिछान्यावर ठेवलं, तर त्यांच्या पायांमधलं सुमारे एक किलो मांस झडलं. धडधाकटांची ही कथा, तर ज्यांचे स्नायू आधीच झडले आहेत त्यांचं काय होईल? डेन्मार्कमध्ये शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर लवकर उठवणं, लवकर खाऊ घालणं आणि वेदना वेळेआधीच आवरणं यांची सांगड घातली. पुढे ती पद्धत सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियेतही रुजली आणि रुग्णालयातला मुक्काम सुरक्षितपणे कमी झाला.

लवकर उठवण्यामागे दुसरं कारण पोटरीचं. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं ते पोटरीच्या स्नायूंनी शिरा पिळल्यामुळे. पोटरी निपचित राहिली तर रक्त साचतं, गोठतं, आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून शुद्धीवर आल्यापासून जागेपणी दर तासाला पावलं वर-खाली हलवायची, गाडीचा अ‍ॅक्सलरेटर दाबावा तशी. रक्त पातळ ठेवणारं औषध साधारण महिनाभर चालतं. दुखत नाही म्हणून ते मध्येच थांबवू नये. दुखण्याच्या गोळ्याही वेळेवर घ्याव्यात. मी सोसतो, असं म्हणणारा रुग्ण व्यायाम टाळतो, आणि त्याने सोसलेलं वाया जातं.

पहिले दोन आठवडे वॉकर, मग काठी, सहा आठवड्यांच्या सुमारास बरीचशी घरातली कामं, तीन महिन्यांत बहुतेक व्यवहार, आणि पुढे वर्षभर हळूहळू ताकद. साधारण चढण अशी असते. जिन्यासाठी एक सूत्र पाठ करावं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. अंग वर उचलायचं आणि खाली सोडायचं अवघड काम त्यामुळे दोन्ही वेळा चांगल्या पायाकडे राहतं. सूज आणि काळानिळा डाग मांडीवरून गुडघ्याखाली उतरला तर घाबरू नये; साकळलेलं रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. पाय लांब झाल्यासारखा वाटणं हीदेखील फार सामान्य तक्रार आहे. आखडलेल्या स्नायूंमुळे कित्येक महिने तिरकी राहिलेली कंबर सरळ व्हायला वेळ घेते, आणि तोवर खरोखर समान असलेले पायही असमान वाटतात. चपलेखाली उंचवटा लावायची घाई करू नये.

वाट न पाहता डॉक्टरांना गाठावं, अशा खुणा
• पोटरी दुखणं, कडक होणं, एकाच पायाची सूज एकाएकी वाढणं
• धाप लागणं, छातीत दुखणं: तडक रुग्णालय
• जखमेतून पाणी किंवा पू, वाढती लाली, ताप
• एकाएकी तीव्र कळ, पाय आखूड होऊन वळलेला दिसणं, भार टाकता न येणं

पंचवीस वर्षांचा कागद

किती वर्षं टिकेल, हा शेवटचा प्रश्न तरुण रुग्णांना सर्वाधिक छळतो. वेगवेगळ्या देशांतल्या नोंदी एकत्र करून २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार शंभरांतले सुमारे ५८ खुबे २५ वर्षं टिकतात. त्या नोंदी जुन्या बनावटींच्या आहेत. नंतर आलेलं अधिक घट्ट विणीचं प्लास्टिक झिजतं कमी, त्यामुळे आज बसवलेल्यांची अपेक्षा याहून चांगली ठेवायला हरकत नाही. पण नवं म्हणजे चांगलंच, असं धरून चालता येत नाही. २०१० साली डी-प्यू कंपनीने एएसआर नावाचा, धातूवर धातू फिरणारा खुबा जगभरातून परत मागवला. तो फार लवकर निकामी होत होता आणि झिजेतून कोबाल्ट, क्रोमियम रक्तात उतरत होतं. भारतातही हजारो जणांना तो बसवलेला होता. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने चौकशी केली, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य रुग्णांचा माग लागत नव्हता.

सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात छापील स्टिकर येतात. त्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट नंबर असतो. एक स्टिकर रुग्णालयाच्या कागदांत जातो. दुसरा आपल्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागून घ्या, त्याचा फोटो काढून मुलांच्या मोबाइलमध्येही ठेवा, आणि घर बदललं तर नवा पत्ता व फोन नंबर रुग्णालयाला कळवा.